फोटोत न आलेलं छप्पर

स्मरणिकेचा मसुदा वाचताना भीमराव गजभिये यांनी तिसऱ्यांदा चष्मा काढून पुसला. चष्म्यात काही दोष नव्हता. मजकूरच तसा होता.

'सन १९९५. वारज्याच्या कुशीत स्पेनचा एक तुकडा अवतरला,' अशी सुरुवात. पुढे अँडालुसिया की काय तो प्रांत, भूमध्य समुद्रावरचा वारा, मूर राजांच्या कमानी, आणि या सगळ्याच्या मधोमध 'स्पेनमध्ये दीर्घकाळ वास्तव्य करून तिथल्या वास्तुकलेचा सखोल अभ्यास केलेले' दिवंगत आर्किटेक्ट आगटेसाहेब. साहेबांचं दीर्घकाळ वास्तव्य कुठे होतं हे भीमरावांना चांगलं ठाऊक होतं. डेक्कनवरच्या ऑफिसात, खिडकीजवळच्या खुर्चीत. अठरा वर्षं भीमराव त्यांच्याकडे ड्राफ्ट्समन होते. एवढ्या काळात साहेब एकदा बेळगावला लग्नाला गेले होते, आणि पोट बिघडलं म्हणून दुसऱ्याच दिवशी परत आले होते.

"काका, तुम्ही फक्त फॅक्ट्स चेक करा हं," समोर बसलेली उत्कर्षा म्हणाली. "लँग्वेज ऑलरेडी पॉलिश केलीये."

उत्कर्षा अकरा नंबरच्या घरात राहायची, आयटी कंपनीत होती, आणि दोन वर्षांपूर्वी 'कासा ग्रानादा' सोसायटीची सेक्रेटरी झाली होती, कारण त्या सभेला ती एकटीच वेळेवर आली होती. पोरगी कामाची. चोवीस रो-हाउसेसच्या पाण्यापासून कुत्र्यांपर्यंतच्या तक्रारी हसतमुखाने ऐकून घ्यायची. पण इतिहास लिहायला बसली आणि हे असं झालं.

"फॅक्ट्स कुठे आहेत?" भीमरावांनी विचारलं.

"म्हणजे?"

"चेक करायच्या आहेत ना? कुठे आहेत ते दाखव, करतो."

उत्कर्षा हसली. तिला वाटलं काका गंमत करतायत. भीमरावांना अजिबात गंमत सुचत नव्हती. ती हसतच शेवटचं पान उलटून त्यांच्यापुढे धरून बसली, आणि तिथे लिहिलं होतं: 'तीस वर्षं ऊन-पाऊस झेलून मूळ स्पॅनिश कौलांचं आयुष्य आता संपलं आहे. सबब, सर्व घरांची छप्परं उतरवून त्याजागी आधुनिक स्पॅनिश प्रोफाइलचे रंगीत पत्रे बसवण्याचा ठराव येत्या रविवारी सर्वसाधारण सभेपुढे येत आहे.'

भीमरावांनी चष्मा काढला तो काढलाच.

"पत्रे?"

"पत्रे म्हणजे तसले पत्रे नाहीत काका. सेम कौलासारखे दिसतात. सगळ्यांची घरं गळतात हो. लिमयेकाकांकडे तर वरच्या खोलीत सहा बादल्या लागतात."

"माझं नाही गळत."

"हो ना. तुमचं लकी आहे."

लकी! दर मे महिन्यात ऐन उन्हाचं चार-चार दिवस छपरावर ओणवं राहायचं, कंबरेचे टाके ढिले करून घ्यायचे, हाताची सालं काढून घ्यायची, आणि शेवटी काय, तर लकी. पण तिला तरी काय बोलणार? छपरावर काय करताय असं खालून कुणी विचारलंच, तर इतकी वर्षं भीमराव एकच उत्तर देत आले होते. "पालापाचोळा काढतोय."

तर या स्पेनचा खरा इतिहास.

बिल्डर शंभूशेठ त्र्याण्णव साली परदेशी जाऊन आला. स्पेनला नव्हे, कॅलिफोर्नियाला, बायकोच्या बहिणीकडे. तिकडे म्हणे स्पॅनिश धाटणीची घरं बांधायची चाल आहे. मेव्हणीचं घर त्याच धाटणीचं. पांढऱ्या भिंती, कमानी, लाल कौलं, मधे चौक आणि चौकात कारंजं. शंभूशेठ ते पाहून वेडा झाला. छत्तीस फोटोंचं पाकीट घेऊन तो ऑफिसात आला आणि साहेबांच्या टेबलावर उपडं करून म्हणाला, "असंच पाहिजे. डिट्टो. वारज्याला जागा घेतलीय."

साहेबांनी फोटो पाहिले आणि नेहमीप्रमाणे म्हणाले, "गजभिये, बघा जरा."

भीमरावांनी बघितलं. छत्तीसच्या छत्तीस फोटोंत शंभूशेठचं कुटुंब उभं होतं. घर जे काय होतं ते त्यांच्या मागे, त्यांच्यातून उरलेल्या जागेत. कमान तीन फोटोंत होती, आणि तिन्ही फोटोंत नेमकी कमानीच्या माथ्यावर मेव्हणी. चांगला मोठा अंबाडा घातलेली. त्या अंबाड्यामागे कमान टोकदार आहे, गोल आहे की आणखी काय आहे, हे कळायला मार्ग नव्हता. दोन दिवस भिंग लावून पाहिल्यावर भीमरावांनी ती माथ्यावर जराशी चपटी काढली. आज सोसायटीत चोवीस चपट्या कमानी आहेत. संक्रांतीला, दिवाळीला बायका नटूनथटून त्यांच्याखाली फोटो काढतात, आणि स्मरणिकेत त्यांना मूर राजांच्या कमानी म्हणतात. मूर राजे बिचारे कुठे मधे आणता? तो त्या बाईचा अंबाडा आहे. कारंजंही असंच. अर्धं एका फोटोत, अर्धं दुसऱ्यात, आणि जोडताना ते चांगलं हातभर लहान झालं. पंप वर्षभर चालला. हल्ली दिवाळीत पोरं तिथे किल्ला करतात.

पण खरी पंचाईत छपराची होती. फोटो काढणाऱ्याने माणसांच्या डोक्यांपासून पायांपर्यंत सगळं जपलं होतं आणि छप्पर सगळीकडे कापलं होतं. एकाच फोटोत, कोपऱ्यात, दोन बोटं कड दिसत होती. अर्धगोल, पन्हाळीसारखी लाल कौलं. एक ओळ उताणी, तिच्यावर एक ओळ पालथी.

"हे पुढे कसं जातं काही कळतंय का?" साहेबांनी विचारलं.

भीमरावांना कळत होतं. न कळायला काय झालं? त्याच छपराखाली ते लहानाचे मोठे झाले होते. भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठच्या खेड्यात, बौद्ध वस्तीतल्या घराघरावर हेच होतं. छप्पन्न साली बापाने दीक्षा घेतली, त्याच साली डिसेंबरात हे जन्मले, म्हणून नाव भीमराव. अंथरुणावर पडलं की पहिली दिसायची ती ही उताणी-पालथी नळीची कौलं. तिकडे त्यांना कवेलू म्हणतात.

ऑफिसात मात्र ते म्हणाले, "काढतो सर." संध्याकाळपर्यंत त्यांनी छपराचा छेद काढला. कौलांखालच्या लाकडी रिपा किती अंतरावर, एक कवेलू दुसऱ्यावर किती चढायचं, आढ्यावर काय, पागोळीला काय, सगळं स्केलमध्ये. साहेब खूश झाले. "वा! लायब्ररीत मिळालं वाटतं पुस्तक?"

"हो सर," भीमराव म्हणाले.

ते 'हो सर' त्यांना पुढे जन्मभर पुरलं.

अशी कौलं पुण्यात तेव्हा तयार मिळेनात. जिकडे तिकडे चपटी मंगलोरी. शेवटी कसबा पेठेत बापूराव म्हणून एक म्हातारे कुंभार होते, ते करतो म्हणाले, पण नमुना मागितला. भीमराव गावी गेले, आणि स्वयंपाकघराच्या छपरावरचं एक कवेलू काढून पिशवीत घातलं. बाप अंगणात बसून बघत होता.

"पुन्याचे साहेब लोकं कवेलूखाली राह्यतीन?" बापाने विचारलं. "आमी त इकडं सिलॅपची वाट पाहून राह्यलो."

बापूरावांनी ते कवेलू बोटाने वाजवून पाहिलं, उलटं केलं. आतून ते काळंकुळकुळीत होतं, चुलीच्या धुराने. "माल चांगला आहे," ते म्हणाले. "म्हणजे तुमच्या साहेबांचा स्पेन भंडाऱ्याकडे आहे म्हणायचा." मग काम ठरवून निघताना त्यांनी हाक मारून पुन्हा बोलावलं. "एक गोष्ट गिऱ्हाइकाला सांगून ठेवा. दरवर्षी पावसाच्या आधी फेरायला लागतात ही. काढायची, झाडायची, फुटकी बदलायची, परत बसवायची. नाही फेरली तर दोन-तीन वर्षांत धार लागेल घरात."

हे भीमरावांना सांगायला नको होतं. मे महिना आला की अख्खी वस्ती छपरावर असायची, आज याचं घर, उद्या त्याचं. म्हणून त्यांनी नकाशावर, खाली उजव्या कोपऱ्यात, चांगल्या अक्षरात टीप लिहिली: 'दरवर्षी मे महिन्यात कौले फेरावीत.' साहेबांनी लाल पेन्सिल उचलली आणि त्या ओळीवर आडवी मारली. "अहो गजभिये, स्पॅनिश व्हिला घेणारा माणूस छपरावर चढणार आहे का? हे वाचून बुकिंग कॅन्सल होतील."

टीप गेली. कौलं चढली. नमुन्याचं कवेलू बापूरावांनी परत दिलं, ते टाकवेना, म्हणून भीमरावांनी एक नंबरच्या घरावर, आढ्याखालच्या तिसऱ्या ओळीत, पालथं बसवून दिलं. एक नंबर म्हणजे तेव्हाचं सॅम्पल घर. लोक ते बघून बुकिंग करत. ते पुढे सुदर्शन लिमयांनी घेतलं.

आणि नाल्याला लागून असलेलं चोवीस नंबर कुणी घेईना, ते भीमरावांनी घेतलं. यशोधराबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या, त्यामुळे जमलं. आपल्या हाताने काढलेल्या घरात राहायला मिळतं किती ड्राफ्ट्समनना? राहायला आले त्या दिवशी भीमरावांना आनंदाने जेवण गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फाटकापाशी लिमये भेटले. बँकेतले अधिकारी, मूळचे सदाशिव पेठेतले, बोलणं मोजकं.

"गजभिये म्हणजे कुठले आपण?"

"भंडाऱ्याचे."

"नाही, तसं नव्हे, म्हणजे..." लिमये थांबले. वर पाहिलं, खाली पाहिलं. "असो," म्हणाले आणि निघून गेले.

वाईट काहीच बोलले नाहीत. गणपतीला मोदक पाठवायचे, दुखलंखुपलं तर फोन करायचे. पण ते 'असो' भीमरावांच्या घशात अडकून राहिलं. अशा माणसाला जाऊन सांगायचं, की अहो, तुमच्या डोक्यावर जे छप्पर आहे ना, ज्याचं तुम्ही पाहुण्यांना बोट दाखवून कौतुक सांगता, ते आमच्या वस्तीचं आहे, आणि दरवर्षी वर चढून फेरावं लागतं? भीमरावांची जीभ रेटली नाही. पहिला मे महिना गेला, दुसरा गेला. जितकी वर्षं गेली तितकं सांगणं अवघड होत गेलं. ते आपले एकटेच शिडी लावायचे. पालापाचोळा!

बाकीच्या तेवीस घरांनी मग काय काय केलं ते बघून भीमरावांचं डोकं फिरायची वेळ यायची. कुणी डांबर ओतलं. कुणी केमिकलवाला आणला. कुणी निळं प्लास्टिक अंथरून वर विटा ठेवल्या, आणि त्या विटांनीच चार कौलं फोडली. लिमयांनी तर आढ्यापाशी डांबर लावून खालचे सगळे सांधे सिमेंटने भरून घेतले, त्यामुळे आत अडकलेला कचरा कायमचा आत राहिला. कचऱ्यात पाणी मुरायचं आणि खाली टपकायचं. सांगावं तर पंचाईत, न सांगावं तर डोळ्यांदेखत सत्यानाश. चिडून ते घरात यायचे आणि वर्तमानपत्रावर राग काढायचे.

उत्कर्षा गेल्यावर यशोधराबाई चहाचे कप उचलायला आल्या. घरात दोघांची बोली अजून तिकडचीच.

"काहून तोंड पाडून बसले?"

"पत्रे टाकून राह्यले सगळ्या घरांवर."

"मंग टाकू द्या. तुमाले काय?"

"मले काय म्हंजे?"

"तुमी सांगतलं होतं का कोनाले, का कवेलू फेरा म्हनून?" यशोधराबाईंनी कप तसेच खाली ठेवले. "तीस वर्सं लोकं बादल्या लावून राह्यले, आन तुमी वरून बघून राह्यले. त्यायले अक्कल नाही म्हनून रोज माह्यापाशी चिडता. त्यायले कोन सांगन? त्यायचे मास्तर तुमीच होते ना?"

भीमराव उठून व्हरांड्यात गेले. बायको खरं बोलली की त्यांना तिथेच जावं लागायचं. तिथून सगळी कॉलनी दिसायची. चोवीस छप्परं, डांबराची ठिगळं, निळ्या प्लास्टिकच्या चिंध्या. रविवारी ठराव झाला की महिन्याभरात सगळं भंगारात जाणार होतं. बाप जाऊन वीस वर्षं झाली होती. गावाकडच्या घरावर भावाने कधीच स्लॅब टाकला होता. त्या छपरासारखं छप्पर आता जगात कुठे उरलं असेल, तर इथे. आणि ते गळतं म्हणून काढत होते. गळत होतं ते भीमरावांच्या तोंड शिवून बसण्यामुळे. एवढे दिवस लोकांच्या नावाने बोटं मोडली, आता स्वतःच्या नावाने मोडायची वेळ आली, आणि त्याचा त्यांना जास्तच संताप आला.

रविवारी दहाची सभा पावणेअकराला चौकात सुरू झाली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कोरड्या कारंज्याच्या कठड्यावर पत्र्याचा नमुना मांडलेला. लाल, चकचकीत, कौलाचे उंचवटे ठोकून काढलेले. लोक येऊन त्यावर टिचक्या मारत होते आणि "अगदी ओरिजिनल वाटतं" म्हणत होते. भीमरावांनीही एक टिचकी मारली. डब्यासारखा आवाज आला.

उत्कर्षाने ठराव वाचला आणि विचारलं, "कुणाला काही बोलायचंय?"

भीमराव उभे राहिले. तीस वर्षांत सभेत ते पार्किंगच्या पट्ट्यांवर एकदाच बोलले होते.

"ही कौलं स्पॅनिश नाहीत," ते म्हणाले. "आगटेसाहेब स्पेनला कधी गेले नव्हते. हे छप्पर मी काढलं. माझ्या वडिलांच्या घराचं आहे. भंडारा जिल्ह्यात आमच्या बौद्ध वस्तीत अशीच घरं होती. त्याला कवेलू म्हणतात. ते दरवर्षी फेरावं लागतं. मी माझं फेरतो, म्हणून गळत नाही. तुमचं कुणी फेरलं नाही, म्हणून गळतं. कौलं उत्तम आहेत. अजून पन्नास वर्षं जातील."

पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे स्पॅनिश म्हणून आम्हाला गंडवलं?" आणि एकदम दहा जण बोलायला लागले. एक जण म्हणाला, स्पॅनिशच नाहीत तर मग काढायला हरकत काय? दुसऱ्याने विचारलं, भाडेकरूंना आता काय सांगायचं? भीमरावांना वाटलं होतं लोक कौलांबद्दल विचारतील. कौलांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सगळ्यांना स्पेनची पडली होती.

"काका," उत्कर्षाने गलका ओसरल्यावर हळूच विचारलं, "एवढी वर्षं का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली," भीमराव म्हणाले. एवढं सरळ उत्तर आपल्या तोंडून येईल असं त्यांनाही वाटलं नव्हतं. "माझं चुकलं. तुमच्या सगळ्यांच्या घरात पाणी आलं, ते माझ्यामुळे."

मग सुदर्शन लिमये उठले. चौऱ्याहत्तर वर्षांचे, काठी टेकत.

"अठ्ठावीस वर्षं," ते म्हणाले, "मी सहा बादल्या लावतोय. जून ते सप्टेंबर. रात्री उठून रिकाम्या करतो. आणि आज आपण सांगताय की कारण आपल्याला माहीत होतं."

"हो."

"छान. आता वडिलांच्या घराची ही जी कथा सांगितलीत, तिला पुरावा काय?"

भीमरावांच्या कपाळाची शीर उडाली. तीस वर्षांनी एकदा खरं बोलावं, तर इथे पुरावा मागतात! "पुरावा तुमच्याच छपरावर आहे," ते म्हणाले. "आमच्या स्वयंपाकघरावरचं कवेलू, नमुन्याला आणलेलं. आढ्याखाली तिसरी ओळ. आतून चुलीच्या धुराने काळं आहे. बाकी एकही तसं सापडणार नाही."

"आणि नसलं तर?"

"नसलं तर पत्रे टाका. मी पहिली सही करतो."

"लिहून घ्या," लिमये उत्कर्षाला म्हणाले. "आणि शोधायला गजभिये कौलं काढतातच आहेत तर आमचं घर फेरूनही द्यावं. या पावसात गळलं, तरी पत्रे." उत्कर्षाने लिहून घेतलं, आणि ठराव पावसाळ्यापर्यंत थांबला.

शनिवारी सकाळी सातला भीमरावांनी एक नंबरला शिडी लावली. एकोणसत्तरावं वर्ष, गुडघे बोलत होते. यशोधराबाई पदर खोचून शिडीवर मधे उभ्या राहिल्या. वरून येणारं कवेलू त्या खाली उत्कर्षाकडे देत, ती झाडून रांगेत लावी. लिमये अंगणात खुर्ची टाकून बसले होते.

"सापडलं?" दर पाऊण तासाने ते विचारत.

"सापडलं की ओरडेन," भीमराव वरून सांगत.

सिमेंट छिनीने फोडावं लागत होतं. खाली काय काय निघालं: खारींची घरटी, वाळकी पानं, पतंगाचा मांजा, एक टेनिसचा चेंडू, आणि ओल्या मातीचे थरच्या थर. ते थर बघून लिमयांनी दुपारनंतर विचारणं बंद केलं. पहिल्या दिवशी आढ्यापर्यंत हात पोचला नाही. आढ्याखालच्या तीन ओळींवर डांबराचं ठिगळ होतं, आणि ते लावताना गडी फुटकी कौलं खाली फेकत होते, हे भीमरावांनी स्वतः पाहिलं होतं. घरी आल्यावर ते जेवले नाहीत.

"नसन तं नसन," यशोधराबाई म्हणाल्या. "सांगून तं झालं नं आता."

पण भीमरावांना ते हवं होतं. पत्र्याबित्र्याचं नंतर. ते काळं कवेलू अजून आहे की नाही, एवढंच आता त्यांच्या डोक्यात होतं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला डांबर सुटलं. तिसरी ओळ. एक उलटलं, लाल. दुसरं, लाल. सात झाली, आठ झाली. नववं डांबराला घट्ट चिकटलेलं होतं. हलक्या हाताने सोडवून त्यांनी उलटलं.

आत काजळी होती. पालथं असल्यामुळे पाण्याचा थेंब लागला नव्हता. आईने आयुष्यभर चुलीपुढे डोळे चोळत जो धूर काढला, तो वारज्यात, लिमयांच्या आढ्याखाली, जसाच्या तसा होता. भीमराव रिपांवर फतकल मारून बसले आणि त्यांना रडू आलं. खाली तीन माणसं माना वर करून बघत असताना रडू यावं याचा त्यांना रागही आला, पण ते थांबेना.

"काय झालं?" लिमये ओरडले. "नाही का?"

भीमरावांनी कवेलू यशोधराबाईंच्या हातात दिलं. त्यांनी ते पदराने पुसलं नाही, तसंच खाली दिलं. लिमयांनी आतून बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"काका!" उत्कर्षा म्हणाली. "हे आपण काचेच्या केसमध्ये ठेवू या. क्लबहाउसमध्ये, स्पॉटलाइट लावून. स्मरणिकेच्या कव्हरवर पण हेच. 'भंडारा-स्पेन फ्यूजन'..."

"उत्कर्षा," भीमराव वरून म्हणाले, आणि एवढंच म्हणाले, कारण पुढचं बोलले असते तर पोरगी राजीनामा देऊन गेली असती.

"अहो, पेटीत ठेवून माझं घर कोण झाकणार?" लिमये म्हणाले. त्यांनी काठी खुर्चीला टेकवली, शिडीच्या दोन पायऱ्या चढले आणि कवेलू वर केलं. "घ्या. होतं तिथेच लावा."

यशोधराबाईंनी ते वर पोचवलं. भीमरावांनी तिसऱ्या ओळीत, पालथं, होतं तिथे लावलं.

स्मरणिकेचा सुधारलेला मसुदा आला तेव्हा भीमरावांनी जुन्या डब्यातून लाल पेन्सिल शोधून काढली. अँडालुसियावर आडवी मारली, मूर राजांवर मारली, 'फ्यूजन'वर तर दोनदा मारली. शेवटच्या पानावर, खाली उजव्या कोपऱ्यात, स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'दरवर्षी मे महिन्यात कवेलू फेरावे.' उत्कर्षाने ते अक्षर तसंच छापलं. मधल्या पानांवर 'मेडिटरेनियन व्हाइब' तिने तरीही कुठूनतरी शिरवलंच.

जुलैच्या मध्यावर, चांगला आठवडाभर झोडपून झाल्यानंतरच्या एका सकाळी, चोवीस नंबरची बेल वाजली. दारात लिमये होते. एका हातात काठी, दुसऱ्या हातात एकात एक घातलेल्या सहा बादल्या. इतक्या वर्षांत ते या घराच्या फाटकाच्या आत कधी आले नव्हते.

"ह्या ठेवा," ते म्हणाले. "मे महिन्यात कवेलू फेरताना लागतील. मला आता उपयोग नाही."

भीमरावांनी बादल्या घेतल्या. सगळ्या कोरड्या होत्या. लिमये मात्र जायला वळले नाहीत. त्यांनी चपला काढल्या, आत येऊन खुर्चीवर बसले, वर छपराकडे पाहिलं, खाली फरशीकडे पाहिलं.

"गजभिये," ते म्हणाले, "आपलं गाव कुठलं? त्या वेळी मला नीट विचारता आलं नाही."

"पिंपळगाव," भीमरावांनी सांगितलं. "वैनगंगेच्या काठी." आणि बादल्या हातात तशाच धरून ते समोर बसले.